घाटातली सायकल

मंडळी, सायकल ही काही आपल्याला नवी वस्तू नाही. दुधाची किटली, शाळेचे दप्तर, गिरणीतल्या दळणाचा डबा, इतकेच काय पण पेंडीचे पोतेसुद्धा तिच्यावरून जाताना आपण पाहतो. तेव्हा "सायकल चालवायला आता आम्हाला पुस्तकातून शिकवणार की काय?" असे कोणी विचारले, तर मी रागावणार नाही. सपाटीवरची सायकल तुम्हाला येते, हे मला कबूल आहे. मी बोलणार आहे ती चढउताराच्या, मुरमाच्या, पायवाटेच्या सायकलीविषयी. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या माणसाला ती टाळता येत नाही. वाडी वर आणि शाळा खाली, शेत वर आणि बाजार खाली, अशी आपली वस्ती. शिवाय आता तालुक्याच्या दुकानातही जाड टायरच्या, गिअरच्या सायकली टांगलेल्या दिसतात. मुले हट्ट धरतात, वडीलमाणसे किंमत ऐकून मागे सरतात, आणि शेवटी रंग बघून एखादी घरी येते. ती घाटात कशी वागेल, याचा विचार मात्र कोणी करीत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचे सारे तिच्याभोवतीच आहे. चढ माणसाला दमवतो, पण उतार माणसाला पाडतो. आणि आपण काळजी करतो ती चढाचीच!

हा धडा मी वयाच्या तेराव्या वर्षी शिकलो. आमच्या घरी दांडीच्या ब्रेकची काळी सायकल होती. मागच्या ब्रेकचे रबर झिजून कधीच गळून पडले होते. "पुढचा आहे ना, तेवढ्यावर भागेल," असे मी आईला सांगितले आणि घाट उतरायला निघालो. नुकतीच एक सर येऊन गेली होती. पहिले वळण निभावले. दुसऱ्या वळणावर ब्रेक आवळला तर नुसती करकर झाली आणि सायकल होती तशीच धावत राहिली. मी गेलो तो थेट करवंदीच्या जाळीत. अंगभर काटे रुतले, गुडघा फुटला, पण जीव वाचला. त्या जागी जाळीऐवजी दरी असती, तर हे चार शब्द लिहायला मी नसतो. चूक सायकलीची नव्हती, माझी होती. रबर चार आण्यांचे की चाळीस रुपयांचे, हा प्रश्नच नव्हता. मी ते बघितलेच नव्हते.

आता तुम्हाला डोंगरी सायकलीचा थोडा इतिहास सांगतो. म्हणजे ब्रेकचे महत्त्व मी उगाच वाढवून सांगत नाही, हे पटेल. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को शहराजवळ मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९७० नंतरच्या काही वर्षांत तरुण मंडळींनी भंगारात गेलेल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलल्या आणि त्या घेऊन डोंगराच्या मातीच्या वाटांवरून खाली सुटू लागले. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर उतार! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. एका उतारात तो हब इतका तापायचा, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जायचे. खाली पोचल्यावर हब उघडायचा आणि नवे ग्रीस भरायचे. ग्रीस पुन्हा भरावे लागे, म्हणूनच त्या शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली डोंगरासाठी मुद्दाम वेगळी चौकट बांधली. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला काढल्या. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. म्हणजे पाहा, साऱ्या जगात पसरलेला हा खेळ तापलेल्या ब्रेकच्या धुरातून जन्माला आला.

ब्रेक इतका का तापावा? शिक्षक मित्रांनो, हे गणित तुम्ही फळ्यावर मांडून दाखवा. मुलगा आणि सायकल मिळून ७० किलो वजन धरू. तो ३०० मीटर उंचीवरून खाली आला, तर उंचीमुळे साठलेली सुमारे दोन लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरली पाहिजे. थोडी वारा अडवतो, थोडी टायर खातात, उरलेली ब्रेकला घ्यावी लागते, आणि ब्रेक तिची उष्णता करतो. सारी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली, तर तेवढ्या उष्णतेने अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी चुलीवाचून उकळेल. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारा माणूस बाराशे मीटरांहून अधिक खाली येतो. त्याच्या हिशेबाला सव्वादोन लिटरहून अधिक पाणी उकळेल! हे सारे काम बोटाएवढी रबरे करतात. त्यांची आठवण आपल्याला कधी होते? वळणावर.

म्हणून सायकल विकत घेताना आधी ब्रेक बघा, मग रंग. दांडीच्या ब्रेकपेक्षा तारेचे बरे. लोखंडी रिमपेक्षा ॲल्युमिनियमची रिम बरी, कारण लोखंडी चकचकीत रिम भिजली की रबर तिच्यावरून नुसते घसरते. डिस्कचे ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याशी तबकडी असलेले, पावसात आणि चिखलात सर्वांत भरवशाचे, कारण ती तबकडी चिखलापासून दूर असते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिस्कवर किंवा रिमवर तेलाचा थेंबही पडता कामा नये. आवाज येतो म्हणून तिथे तेल घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि उतार संपल्या संपल्या तबकडीला हात लावू नका, बोट भाजेल.

आता त्या स्प्रिंगांविषयी. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, मागे सीटखाली आणखी एक स्प्रिंग, असे काही पाहिले की मुले खूश होतात. चांगल्या प्रतीच्या सायकलीत ही सोय उत्तम काम करते, यात शंका नाही. पण स्वस्त सायकलीत ती नुसती जड स्प्रिंग असते. ती दाबली जाते, पण तिची उसळी आवरायला आत काहीच नसते. चढावर तुम्ही पायडलवर दिलेला जोर तीच खाते आणि माणूस जागच्या जागी खालीवर होत राहतो. थोडक्या पैशांत सायकल घ्यायची असेल, तर मागची स्प्रिंग नको. चौकट साधी पण मजबूत, टायर जाड, ब्रेक चांगले आणि गिअर हलके, एवढे पुरे. आपले गुडघे आणि कोपर हीच देवाने दिलेली स्प्रिंग आहे. ती कशी वापरायची ते पुढे सांगतो.

गिअरचे कोडे पुष्कळांना सुटत नाही. "एकवीस गिअर म्हणजे एकवीसपट वेग का हो?" असे मला एका आजोबांनी विचारले होते. तसे नव्हे. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलचा एक फेरा झाला की सायकल सुमारे सव्वापाच मीटर जाते. गिअरच्या सायकलीवर पुढे २४ दात्यांची आणि मागे २८ दात्यांची चकती लावली, तर त्याच एका फेऱ्यात ती पावणेदोन मीटरच जाते. अंतर एक तृतीयांश झाले, आणि जोरही साधारण एक तृतीयांशच लागतो. फेरे मात्र तिप्पट मारावे लागतात. फुकट काही मिळत नाही! घाटाचा रस्ता सरळ वर न जाता वळणे घेत का जातो? हेच त्याचे कारण. वाट लांबते, पण बैलाच्या मानेवरचा भार कमी होतो. घाटरस्ता बांधणाऱ्याने गिअर जमिनीत घातला, सायकलवाल्याने तो चाकात घातला, एवढाच फरक.

गिअर बदलायचा तो चढ सुरू होण्याआधी. पाय जोराने दाबत असताना खटका ओढला, तर चेन कडकड करते आणि कधी कधी उतरते. चढावर सीटवर बसून, अंग थोडे पुढे झुकवून, पाय लयीत फिरवा. उभे राहून जोर लावला की मातीच्या वाटेवर मागचे चाक जागीच फिरते.

सीटची उंची हीसुद्धा लहान दिसणारी मोठी गोष्ट आहे. टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्याला किंचित वाक राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात, आणि दोष चढाला दिला जातो. मात्र अवघड उतारावर सीट दोन-तीन बोटे खाली घेतलेली चांगली. म्हणजे अंग मागे सरकवायला जागा मिळते.

डोक्यावर हेल्मेट हवेच. पट्टा हनुवटीखाली असा आवळावा, की त्यात एक-दोन बोटे जातील, अधिक नाही. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी ते बदलावे. आतला भाग एकदाच मार सोसण्यासाठी केलेला असतो. बरोबर पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पान्हा आणि पाणी असावे. आपल्याकडे बाभळीचा काटा काही वेळ सांगून येत नाही.

हवा किती भरावी? टायरच्या बाजूवर किती पौंड ते छापलेले असते. डांबरी रस्त्यावर वरच्या आकड्याच्या आसपास भरा. मुरमावर आणि पायवाटेवर थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतो. पण फार कमी केलीत, तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

आता सरावाकडे वळू. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. आपल्याला तेवढे करायचे नाही. पण दम हा कोणाच्याही अंगी एका दिवसात येत नाही. आठवड्यातून तीन दिवस, आठ-दहा किलोमीटर, सपाटीवरून सुरुवात करा. पाय भराभर पण हलके फिरवा. जड गिअरवर कुथत जाण्यापेक्षा हे बरे. सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येत असतील, तर वेग योग्य आहे. एकेक शब्दावर धाप लागत असेल, तर कमी करा. दोन-तीन आठवडे गेले की एक लहानसा चढ घ्या आणि दर आठवड्याला अंतर थोडेथोडेच वाढवा. मधे विश्रांतीचा दिवस ठेवा, कारण ताकद वाढते ती विश्रांतीत. छातीचा किंवा दम्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घाट चढू नका.

खाण्यापिण्याचा बडेजाव नको. निघण्याआधी दीड-दोन तास भाकरी-भाजी, वाटेत गूळ-शेंगदाणे किंवा केळे, आणि तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी. उन्हाळ्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले सरबत बाटलीत असले, तर विकतच्या पेयांची गरज नाही.

आता उतार. इथे सावकाश वाचा.

उतार लागला की सीटवर घट्ट बसून राहू नका. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, म्हणजे एक पुढे एक मागे, अशी ठेवा. त्यांवर हलकेच उभे राहा, कोपर आणि गुडघे वाकवा, कंबर मागे न्या. मघाशी म्हटलेली देवाची स्प्रिंग ती हीच. दगड चाकाखाली आला तर सायकल उसळेल, तुम्ही नाही. एक-दोन बोटे सदैव ब्रेकवर असावीत.

ब्रेक दोन्ही लावायचे. "पुढचा ब्रेक लावू नये, माणूस उलटा पडतो," असे आपल्याकडे मुलांना सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबलात, तर चाक अडकून फरफटते आणि सायकल थांबता थांबत नाही. उलटून पडतो तो पुढचा ब्रेक एकदम करकचून आवळणारा. लिंबू पिळतो तसा हळूहळू दाब वाढवा, कंबर मागे ठेवा, काही होत नाही. मात्र सैल मुरमावर आणि वळणात पुढचा ब्रेक अगदी हलका ठेवा, कारण तिथे पुढचे चाक घसरले की सावरता येत नाही. म्हणूनच नियम असा, की वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे. आणि वळताना नजर दरीकडे नको, दगडाकडेही नको. जिकडे जायचे तिकडे बघा. सायकल नजरेच्या मागे जाते, हा अनुभव तुम्ही घेऊन पाहा.

पावसात रिमवरचे ब्रेक प्रथम पाणी पुसतात आणि मग धरतात. म्हणून वळण दिसण्याआधीच ते हलके लावून रिम कोरडी करून घ्यावी. डबल सीट उतार तर मुळीच नको. वजन वाढले की ब्रेकचे काम वाढते, आणि मागच्याला घेऊन अंग मागे सरकवता येत नाही.

आपल्या वाटांचे स्वभावही ओळखायला हवेत. मुरूम कठीण जमिनीवर पसरलेला असला, म्हणजे छऱ्यांवरून चालल्यासारखे होते. तिथे हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक आधीच लावून घ्या. काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लिंपून चाकच बांधून टाकते. तेव्हा सरळ उतरा आणि ढकला, त्यात कमीपणा नाही. सावलीतल्या काळ्या कातळावर आणि कोकणातल्या जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते. त्यावर ना वळा, ना ब्रेक लावा. वेग आधी कमी करून सरळ पार व्हा. बैलगाडीच्या चाकोरीत चाक गेले, तर तिरपे बाहेर काढायला जाऊ नका. टायर कडेला घासून माणूस आडवा होतो. चाकोरी संपेपर्यंत तिच्यातूनच जावे, किंवा थांबून सायकल उचलावी. संसारात चाकोरी सोडावी की नाही याचा वाद विद्वान करोत, सायकलीवर ती अशी सोडू नये!

वाट आपल्या एकट्याची नाही, हेही ध्यानात असू द्या. डोक्यावर भारा घेतलेली बाई, गुरे, चढत येणारा माणूस यांना आधी जाऊ द्यावे. गुरांजवळ घंटी बडवू नका, बुजतात. ओल्या पायवाटेवर चाक घातले की चर पडतो आणि पुढच्या पावसात तिथून ओहोळ वाहतो. सड्यावर फुले असताना तर पायवाट सोडून चाक घालूच नये. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. आणि किल्ल्यांच्या जुन्या पायऱ्या या सायकलीच्या कसरतींसाठी बांधलेल्या नाहीत.

शिक्षकांना माझी एक खास विनंती आहे. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवरून आज कितीतरी मुली शाळेत येतात, मुले तर येतातच. दर शनिवारी प्रार्थनेनंतर दहा मिनिटे काढा. मुलांना तीनच गोष्टी बघायला लावा : हवा, ब्रेक, चेन. टायर अंगठ्याने दाबून पाहावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, चाक फिरता कामा नये. मागचा दाबून ढकलावी, मागचे चाक फरफटले पाहिजे. ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल, तर तार सैल आहे. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर ती बदलावी. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील, तर रबर बदलावे. चेन पुसून थेंब-थेंब तेल द्यावे, आणि चाकांचे नट आवळलेले आहेत ना, ते पाहावे.

मग एक प्रयोग करा. मैदानावर फक्कीने रेघ मारा. मुलाने हळू वेगात येऊन रेघेवर ब्रेक लावावा आणि तो कुठे थांबला ते मोजावे. मग दुसऱ्याने दुप्पट वेगात यावे. अंतर दुप्पट होईल, असे वर्ग म्हणेल. मोजा, ते चौपटीच्या जवळ भरेल. ताशी १५ किलोमीटर वेगाने येणारी सायकल साध्या ब्रेकवर ३ मीटरांत थांबली, तर ३० च्या वेगाला १२ मीटर लागतात. आणि दहास एक असा उतार असेल, तर त्याच ब्रेकवर १७ मीटरांहून अधिक. हात ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर निघून जाते, ते आणखी वेगळे. हा आकडा मुलाने स्वतः टेप धरून मोजला, म्हणजे तो घाटात विसरत नाही. दहा वेळा "सावकाश जा" म्हणण्यापेक्षा याचा उपयोग अधिक.

मंडळी, डोंगरातली सायकल म्हणजे मोठा आनंद आहे. चढाच्या माथ्यावर पोचून घोटभर पाणी प्यावे, घाम वाऱ्यावर सुकू द्यावा, खालची शेते, नदी, आपल्या घराचे कौल शोधावे, हे सुख एस. टी.च्या खिडकीतून मिळत नाही. पण माथ्यावर पाणी पिऊन झाले, की एक मिनिट खाली वाका. दोन्ही ब्रेक दाबून बघा. चढ तुम्ही पायांनी चढलात, उतार मात्र त्या बोटाएवढ्या रबरांवर उतरायचा आहे. ती धड असतील तर खुशाल निघा. नसतील, तर सायकल हातात धरून चालत उतरा. घरी थोडे उशिरा पोचाल, एवढेच.